रक्ताच्या रिपोर्टचं दुसरं पान

चंडीगढजवळच्या झिरकपूरमधल्या एखाद्या मराठी घरात अक्यूट ल्यूकेमियाचं निदान झालं की पुण्याहून, नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काउंट किती आला?" पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन हे तीन आकडे दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना पाठ होतात. त्याच रिपोर्टला जोडलेलं दुसरं पान मात्र न वाचताच फाइलमध्ये जातं. पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड, कॅल्शियम, क्रिएटिनिन, एलडीएच अशी नावं त्यावर असतात. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात जिवावर बेतणारी गोष्ट पुष्कळदा या पानावर आधी दिसते, म्हणून हा लेख त्या पानाबद्दल आहे.

औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि ते त्यांचंच राहायला हवं. पण रात्रीत लघवी किती झाली, नमुना किती वाजता घेतला, रुग्णाने दुपारी काय प्यायलं, निदानाआधी कुणी कसलं इंजेक्शन दिलं होतं, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. या माहितीशिवाय दुसऱ्या पानावरचे आकडे अर्धवटच राहतात.

आधी हे आकडे का हलतात ते पाहू. ल्यूकेमियातल्या अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, भराभर वाढतात आणि भराभर मरतातही. पेशी फुटली की तिच्या आतला माल रक्तात येतो. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते बाहेर पडतं. फॉस्फेटही बाहेर पडतं, आणि लिम्फोब्लास्टमध्ये ते साध्या लिम्फोसाइटच्या कितीतरी पट असतं. पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचे तुकडे होऊन शेवटी युरिक ॲसिड तयार होतं. वाढलेलं फॉस्फेट रक्तातल्या कॅल्शियमला धरून बसतं, त्यामुळे कॅल्शियम उतरतं. हा सगळा निचरा मूत्रपिंडांनी करायचा असतो. पण युरिक ॲसिडचे आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे कण मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकले की निचराच थांबतो, क्रिएटिनिन चढतं आणि पोटॅशियम आणखी वाढतं. या साखळीला ट्युमर लायसिस म्हणतात. केमो किंवा स्टेरॉइड सुरू झाल्यावर ती काही तासांत सुरू होऊ शकते. काही रुग्णांत औषधाचा पहिला थेंब जाण्याआधीच ती सुरू झालेली असते.

एलडीएच हे पेशींमधलंच एक एन्झाइम. ते किती वाढलं आहे यावरून पेशींची उलाढाल किती मोठी आहे याचा अंदाज येतो. पांढऱ्या पेशींचा काउंट १ लाखाच्या वर असेल, किंवा लिम्फोब्लास्टिक प्रकारात एलडीएच वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असेल, तर डॉक्टर त्या रुग्णाला ट्युमर लायसिसच्या मोठ्या धोक्याच्या गटात धरतात.

ट्युमर लायसिस ओळखण्यासाठी २००४ साली कैरो आणि बिशप यांनी मांडलेले निकष जगभर वापरले जातात. युरिक ॲसिड ८ मिलिग्रॅम किंवा जास्त, पोटॅशियम ६ किंवा जास्त, फॉस्फरस मोठ्या माणसात ४.५ आणि मुलांत ६.५ किंवा जास्त, कॅल्शियम ७ किंवा कमी. किंवा यांपैकी कुठलाही आकडा मूळच्यापेक्षा २५ टक्के बदललेला. उपचाराच्या ३ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंतच्या काळात यांतल्या दोन गोष्टी एकत्र जुळल्या की रक्तातला ट्युमर लायसिस धरतात. क्रिएटिनिन वरच्या मर्यादेच्या दीडपट झालं, हृदयाचे ठोके बिघडले किंवा झटका आला, तर तो प्रत्यक्ष आजार झाला. घरच्यांनी यातले आकडे पाठ करण्यापेक्षा तो २५ टक्क्यांचा निकष ध्यानात ठेवावा. सकाळी ४ असलेलं पोटॅशियम संध्याकाळी ५ झालं तर रिपोर्टवर एकही चांदणी छापून येणार नाही, पण तो बदल बरोबर २५ टक्क्यांचा आहे. म्हणून एकट्या आकड्याकडे बघू नका. कालचा, आजचा आणि संध्याकाळचा शेजारी शेजारी ठेवून बघा.

फॉस्फरसच्या निमित्ताने एका माणसाची आठवण काढावीशी वाटते. रक्तातला फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळांमध्ये वापरली गेली, ती १९२५ साली फिस्क आणि येल्लाप्रगड सुब्बाराव यांनी प्रसिद्ध केली. हेच सुब्बाराव पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत संशोधनप्रमुख होते. तिथल्या चमूने बनवलेलं अमिनॉप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्यूकेमिया झालेल्या मुलांना दिलं, आणि औषधाने ल्यूकेमिया काही काळ मागे हटतो हे १९४८ साली जगाला कळलं. आज मुलांना दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. आंध्रातून गेलेल्या एका माणसाचं काम या रिपोर्टमध्येही आहे आणि औषधाच्या बाटलीतही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

निदान झालं की दुसरा प्रश्न उभा राहतो तो मुंबईचा. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१पासून मराठी माणसाच्या मनात इतकं घट्ट बसलेलं आहे की "लगेच टाटाला आणा" असा आग्रह दोन्हीकडचे नातेवाईक धरतात. तो आग्रह प्रेमापोटी असतो. पण चंडीगढहून मुंबईचा रेल्वेप्रवास एका दिवसाहून मोठा आहे, आणि युरिक ॲसिड व पोटॅशियम चढत असलेल्या रुग्णाला तेवढा वेळ सलाइनशिवाय, तपासणीशिवाय ठेवणं धोक्याचं आहे. चंडीगढच्या सेक्टर १२मधलं पीजीआय रुग्णालय झिरकपूरपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण ते त्याच दिवशी गाठता येतं. त्याच्या पलीकडे मुल्लांपूरला टाटा मेमोरियल सेंटरचंच होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल आहे. ३०० खाटांच्या या रुग्णालयाचं उद्घाटन २४ ऑगस्ट २०२२ रोजी झालं. म्हणजे टाटा संस्था तुमच्या शहराजवळच आलेली आहे. लष्करात असलेल्यांना चंडीमंदिरचं कमांड हॉस्पिटल आहे. पुढचे उपचार मुंबईत घ्यायचे असतील तरी पहिले दिवस इथे सांभाळून, दुसऱ्या पानावरचे आकडे स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने निघा. निघण्यापूर्वी त्यांना थेट विचारा: पोटॅशियम, युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन प्रवासाजोगं आहे का?

पैशाबाबत थोडक्यात सांगतो. झिरकपूर पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतं, चंडीगढमध्ये नाही. पंजाबच्या रहिवाशांसाठी मुख्यमंत्री कॅन्सर राहत कोषातून दीड लाख रुपयांपर्यंत मदत मिळण्याची योजना आहे. आधार कार्डावरचा पत्ता अजून नाशिकचा किंवा साताऱ्याचा असेल तर त्यात अडचण येते. महात्मा जोतिराव फुले योजना महाराष्ट्रातल्या रुग्णालयांसाठी आहे. आयुष्मान भारत कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातही चालतं. भरतीच्या पहिल्याच दिवशी घरातल्या एकाने समाजसेवा विभागात जाऊन कागद कुठले लागतात ते विचारून यावं.

आता पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय करायचं. ट्युमर लायसिसवरचं पहिलं औषध म्हणजे पाणी. शिरेतून दिवसाला शरीराच्या दर चौरस मीटरला २ ते ३ लिटर सलाइन दिलं जातं. साधारण दीड चौरस मीटर शरीर धरलं तर तीन ते साडेचार लिटर. एवढं पाणी आत गेलं की तेवढी लघवी बाहेर यायला हवी, आणि ती मोजण्याचं काम गजबजलेल्या वॉर्डात बहुधा नातेवाइकांकडे येतं. ते मनापासून करा. खुणा असलेलं भांडं घ्या, प्रत्येक वेळी वेळ आणि मिलिलिटर लिहा, "बरीच झाली" असं लिहू नका. दर सहा तासांची बेरीज करा आणि ती कमी होतेय असं वाटलं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता नर्सना सांगा. पायावर सूज आली, वजन एका दिवसात वाढलं किंवा श्वास लागला तर तेही सांगा, कारण पाणी आत साचतंय असा त्याचा अर्थ असू शकतो.

आजाऱ्याला नारळपाणी द्यायची आपली जुनी सवय. इथे मात्र ती अडचणीची ठरते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. केळं, मोसंबीचा रस, सुका मेवा, टोमॅटोचं सूप यांतही ते असतं. पहिल्या आठवड्यात पोटॅशियम चढत असताना भेटायला आलेल्या पाहुण्याने प्रेमाने आणलेली दोन शहाळी रुग्णाला पाजू नका. बाजारातलं कमी सोडियमचं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पण हीच गोष्ट तिसऱ्या आठवड्यात उलटी होऊ शकते. मोनोसाइटच्या वळणाच्या मायलॉइड ल्यूकेमियात पेशींमधलं लायसोझाइम मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतं आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. बुरशीच्या संसर्गावर दिलं जाणारं ॲम्फोटेरिसिन बी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही खाली आणतं. जुलाब-उलट्यांचीही त्यात भर पडते. तेव्हा डॉक्टर स्वतःहून पोटॅशियम वाढवायला सांगतील. "आज पोटॅशियम किती आहे आणि काय खाल्लेलं चालेल?" हा प्रश्न रोज विचारा, कालच्या उत्तरावर आजचा आहार ठरवू नका.

अंगदुखीला किंवा तापाला दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि रक्तस्रावाचा धोका वाढवते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. निदान व्हायच्या आधी गाठी सुजल्या म्हणून, सांधे दुखतात म्हणून, खोकला थांबत नाही म्हणून कुणा डॉक्टरने डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमियात स्टेरॉइड हेच उपचाराचं औषध असतं. नकळत दिलेल्या दोन-चार डोसांनी पेशी फुटायला लागतात, आणि निदानही धूसर होतं. कुणाला दोष लावण्यासाठी हे सांगायचं नाही. ट्युमर लायसिस केव्हापासून मोजायचा, हे ठरवायला ती माहिती लागते.

युरिक ॲसिडवर दोन औषधं आहेत. ॲलोप्युरिनॉल नवं युरिक ॲसिड बनू देत नाही, पण आधी साचलेलं तसंच राहतं. रासब्युरिकेज साचलेलं युरिक ॲसिड मोडून विरघळणाऱ्या पदार्थात बदलतं आणि काही तासांत आकडा खाली आणतं. ते महाग आहे, म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी छोटा एकच डोस देऊन परिणाम पाहतात. ते देण्यापूर्वी जी६पीडी ही तपासणी झाली आहे का, हे विचारा. हे एन्झाइम ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांच्या लाल पेशी रासब्युरिकेजने फुटू शकतात. हा दोष महाराष्ट्रातही आहे आणि पंजाबातही. तपासणीचा नमुना रक्त चढवण्याआधी घेतलेला हवा. रक्त चढवल्यावर दात्याच्या पेशींमुळे रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. रासब्युरिकेज दिल्यानंतर युरिक ॲसिडसाठी घेतलेली नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला गेली पाहिजे. नाहीतर औषध नळीतच काम करत राहतं आणि रुग्णाच्या रक्तात खरोखर आहे त्यापेक्षा कमी आकडा येतो. आणखी एक: पुढे मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या सुरू झाल्या तर ॲलोप्युरिनॉल अजून चालू आहे का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. दोन्ही एकत्र आल्यास मर्कॅप्टोप्युरिनचा डोस बराच कमी करावा लागतो.

नमुन्याचा विषय झिरकपूरकरांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. बलटाना, ढकोली, व्हीआयपी रोड या भागांत घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलांची सोय आहे आणि सुट्टी मिळाल्यावर घरून तपासण्या करताना ती उपयोगी पडते. पण तिथे घेतलेली नळी पिशवीत घालून तीन-चार घरं फिरते, मग संकलन केंद्रावर थांबते आणि तिथून पुढच्या लॅबला जाते. ब्लास्ट पेशी नाजूक असतात. काउंट फार वाढलेला असेल तर त्या नळीतच फुटतात आणि रिपोर्टवर पोटॅशियम ७ येतं, रुग्णाच्या अंगात ते ४ असलं तरी. उन्हाळ्यातल्या उकाड्यात याच पेशी नळीतली साखर खाऊन टाकतात. रुग्ण गप्पा मारत बसलेला असतो आणि साखरेचा आकडा ३० येतो. हिवाळ्यात नळी थंड राहिली तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर पाझरतं. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतही असंच होतं. ऑक्सिजन कमी दिसतो, बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरवर मात्र तो व्यवस्थित असतो.

याचा अर्थ असा आकडा खोटाच समजून सोडून द्यावा, असा नाही. पोटॅशियमचा मोठा आकडा आला तर आधी डॉक्टरांना फोन करा आणि रुग्णालयात जा. तिथे ईसीजी काढतात आणि नवा नमुना हाताने नेऊन लगेच तपासतात, शक्यतो ब्लड गॅस यंत्रावर. तुम्ही त्यांना दोन गोष्टी सांगा: नमुना किती वाजता घेतला आणि त्या दिवशी काउंट किती होता. साखरेबाबत घरच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचून लगेच बघता येतं. आणि काउंट जास्त असेपर्यंत रसायनांच्या तपासण्या शक्यतो रुग्णालयाच्याच लॅबमध्ये करा, थोडी रांग लागली तरी.

लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक फसगत होते. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनची मर्यादा मोठ्या माणसांची छापलेली असते. चार वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असतं. ते ०.९ झालं तर रिपोर्टवर ते नॉर्मल दिसेल, पण मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. फॉस्फरसचं याच्या उलट, मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा स्वाभाविकच जास्त असतो. म्हणून मुलाच्या निदानादिवशीचं क्रिएटिनिन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढचे आकडे त्याच्याशी ताडून बघा. तसंच अल्ब्युमिन उतरलेलं असताना कॅल्शियमही कमी दिसतं. कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर अल्ब्युमिनचा हिशेब धरून कॅल्शियम साधारण ९ भरतं. खात्री करायची असेल तर डॉक्टर आयनाइज्ड कॅल्शियम मागवतात. घरातली कॅल्शियमची गोळी आपल्या मनाने देऊ नका. फॉस्फरस वाढलेला असताना बाहेरून घातलेलं कॅल्शियम त्याच्याशी जोडून मूत्रपिंडातच बसतं.

पहिला आठवडा ओलांडला की आकड्यांमागची कारणं बदलतात. आता ती बरीचशी औषधांमुळे असतात. लिम्फोब्लास्टिक प्रकारात दिलं जाणारं ॲस्परॅजिनेज यकृताला प्रथिनं बनवू देत नाही. अल्ब्युमिन उतरतं, फायब्रिनोजेन उतरतं, ट्रायग्लिसराइड कधी कधी इतकं वाढतं की सीरम दुधासारखं दिसतं. अशा दुधाळ नमुन्यात सोडियमही खोटं कमी येऊ शकतं. या काळात पोटात, पाठीकडे जाणारी जोराची कळ आली तर ॲसिडिटी समजून गोळी देऊ नका. स्वादुपिंडाला सूज असू शकते आणि लायपेज-अमायलेज तपासावं लागतं. न थांबणारी डोकेदुखी किंवा अचानक दिसायला त्रास हे डोक्यातल्या शिरेत गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. स्टेरॉइड आणि ॲस्परॅजिनेज एकत्र चालू असताना साखर चढते, घरात कुणाला मधुमेह नसला तरी. व्हिन्क्रिस्टीनमुळे, विशेषतः बुरशीची काही औषधं सोबत असतील तर, सोडियम उतरतं. रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागला तर सोडियमचा आकडा विचारा.

एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया) या प्रकारात आर्सेनिक दिलं जातं तेव्हा पोटॅशियम ४च्या वर आणि मॅग्नेशियम १.८च्या वर राखायचं असतं, कारण आर्सेनिकमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. इथे पोटॅशियम ३.६ रिपोर्टवर नॉर्मल छापलेलं असलं तरी ते पुरेसं नाही. मॅग्नेशियम बऱ्याच लॅबच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस असेल त्या दिवसांत क्रिएटिनिन रोज पाहतात. तेव्हा ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नये.

लिव्हरच्या आकड्यांबद्दल मनापासून एक विनंती. पंजाबात गिलोय, आपल्याकडे गुळवेल, शिवाय पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर असे काढे शेजारी आपुलकीने सुचवतात. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांवर सोडू. पण केमो चालू असताना एसजीपीटी किंवा बिलिरुबिन वाढलं तर ते ॲस्परॅजिनेजने, मर्कॅप्टोप्युरिनने, संसर्गाने की काढ्याने, हे ओळखता आलं नाही तर खरं औषध थांबवावं लागतं. ल्यूकेमियात उपचारात पडलेला खंड महाग पडतो. काढा दिलाच असेल तर तो लपवू नका.

वही ठेवा. एका पानावर तारीख आणि उपचाराचा कितवा दिवस, त्याखाली नमुन्याची वेळ, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, सोडियम, साखर, लघवीची बेरीज, वजन आणि त्या दिवशी दिलेली औषधं. नुसते मोबाइलमधले फोटो राउंडच्या वेळी सापडत नाहीत.

सुट्टी होऊन घरी आल्यावर रात्री-अपरात्री लघवी सहा-आठ तास झाली नाही, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येऊ लागल्या, हात वाकडे होऊन आखडले, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं, हातापायांतली शक्ती गेली, झटका आला किंवा १००.४ अंशांचा ताप आला, तर सकाळपर्यंत थांबू नका. उपचार करणारं रुग्णालय लांब असेल आणि रुग्णाची अवस्था वाईट असेल तर आधी अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: अक्यूट ल्यूकेमिया आहे, केमोचा अमुक दिवस आहे, मागचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन इतकं होतं, ईसीजी आणि इलेक्ट्रोलाइट लगेच करा, स्नायूत इंजेक्शन देऊ नका. मग तुमच्या डॉक्टरांचा नंबर लावून फोन समोरच्या डॉक्टरांच्या हातात द्या.